मावशी आणि अर्धं वचन

बायबलचं अर्धं वचन सांगून आमच्या मावशीसमोरून सुखरूप निघून गेलेला माणूस वाशीम जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. ही माझ्या आईची धाकटी बहीण, आसेगावची. शेती स्वतः करते आणि दर रविवारी एसटीने वाशीमला प्रार्थनेला येते. पिशवीत पाण्याची बाटली आणि पुठ्ठा सुटलेलं बायबल. तिचा नियम एकच: वचन एकटं वाचायचं नाही. मागचं वाचायचं, पुढचं वाचायचं, कोण कुणाला म्हणालं ते पाहायचं, मगच तोंड उघडायचं. व्हॉट्सॲपवर कुणी गुलाबाच्या फुलासकट वचन पाठवलं, की मावशी तो अख्खा अध्याय वाचून तेरा मिनिटांचं रेकॉर्डिंग परत पाठवते. आता तिला कुणी गुलाब पाठवत नाही. एकदा एका पाहुण्या उपदेशकाने वचन फेकलं आणि म्हणाला, श्रद्धा असेल तर औषधं कशाला? मावशीने भर सभेत त्याच्या चष्म्याकडे बोट दाखवलं. "मंग हा कायले घातला?"

पण खरा खटका उडाला गेल्या वर्षी. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मुलीने भाजीचा मळा करणाऱ्या हिंदू घरातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि मंडळीच्या वहीतून तिचं नाव काढायची गोष्ट निघाली. नाव गेलं असतं, तर तिच्या लेकराच्या बाप्तिस्म्यालाच काय, उद्या तिच्या मातीलाही आमच्यातलं कुणी उभं राहिलं नसतं. आमचे पंच, एक निवृत्त गुरुजी, यांनी येशूने सांगितलेला गव्हातल्या तणाचा दाखला काढला. तण गोळा करा, पेंढ्या बांधा, जाळा, एवढं वाचून त्यांनी बायबल मिटलं. नाव काढायच्या बाजूने भराभर हात वर झाले.

मावशी उठली. "गुरुजी, मिटू नका. पयले वरचं वाचा. चाकर तन उपटाले निंगाले, तं धनी नाही म्हनला. काहून म्हनला?"

तणासोबत गहूही उपटला जाईल म्हणून, असं गुरुजी पुटपुटले.

"मी चाळीस वर्सं निंदून राह्यली. गहू लहान असला का त्यातलं तन कोनतं, मलेबी उमगत नाही. तुमी तं वावराच्या धुऱ्यावरबी कदी उभे नाही राह्यले! न् पिकाची सोंगनी देवदूत करतीन, असं खाली लिवलं हाये. तुमी देवदूत कवापासून झाले? काडाचंच असन तं पयले माहं नाव काडा!"

मुलीचं नाव राहिलं. मावशीला मात्र त्यानंतर पुढे उभं राहून वाचायला कुणी बोलावलं नाही. ती आता शेवटच्या बाकावर बसते आणि ती मुलगी तिच्या शेजारी. तिच्या वाचण्याशिवाय रविवार सुनासुना वाटतो.

त्या वर गेलेल्या हातांत एक माझा होता. मावशीने तो पाहिला होता. अजूनही ती मला आग्रहाने जेवायला बोलावते, ताटात वांग्याची भाजी जास्तच वाढते आणि त्या हाताबद्दल अवाक्षर काढत नाही. साऱ्या जगाला बोल लावणारी ही बाई माझ्यापाशीच गप्प का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.