दगडाच्या पाठीवरची तारीख

गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. कुणाच्याही घरी गेला की आधी भिंत सरळ आहे का ते बघायचा, मग खुर्ची घ्यायचा. तीस वर्षांपूर्वी हा ओळंबा डोंगरावरची जुनी तटबंदी दुरुस्त करायला तीन वर्षं जाऊन राहिला होता. घरी बायको, दोन लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली आई. "तीन वर्षं तिथं काय दिवे लावलेत ते एकदा दाखवा," हे बायको तेव्हापासून ऐकवत आलेली. शेवटी गुडघे साथ देतायत तोवर म्हणून दोघं सहलीच्या बसनं वर आली.

तटाकडेनं चालताना अर्ध्या वाटेतच तिनं सिमेंटनं लिंपलेल्या एका भगदाडाकडं बोट दाखवलं. "हे तुमचं का?"

"सिमेंट? मी? अगं, इथं चुना लागतो. हे नंतरच्या कुणा गाढवाचं."

"मग तुमचं कुठाय?"

तिसऱ्या बुरुजापाशी तो पुढं गेला, मागं आला, चष्मा पुसला. चाळीस पावलांचा त्याचा तुकडा इथंच होता आणि त्यालाच सापडेना. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून तर पडलेले जुनेच दगड वेचून बसवले होते.

बायको पायरीवर टेकली. "राहू द्या. आणलंत तेवढं बास झालं."

तेवढ्यात एक गाईड दहाबारा माणसं घेऊन आला. "हा भाग अस्सल. चारशे वर्षांत याला कुणाचा हात लागलेला नाही."

गाईडच्या बोटापुढं कोपरा उडालेला दगड होता. ओळंब्यानं तो बघितला आणि कपाळावर हात मारला. "अरे बाबा, हा मी बसवलाय. माझं नख खाल्लंय यानं."

"असं? कशावरून?"

"पाठीला तारीख कोरलीय."

"म्हणजे तट पाडून बघायची?" माणसं हसली आणि पुढं सरकली.

"पाठीला कोण तारीख घालतं हो?" बायको करवादली.

"पुढं घातली असती तर मुकादमानं छिलायला लावली असती."

"मुकादमाचं बरं ऐकलंत." ती उठली. त्याच्या अंगठ्याचं वाकडं नख तिनं बघितलं. चिंधी बांधून आठ दिवस घरी आला होता तेव्हाचं. मग ती दगडाजवळ गेली आणि दोन दगडांमधली चुन्याची दर्ज नखानं खरवडू लागली.

"खरवडू नकोस. तीन वर्षं लागलीत त्याला."

"मला नका सांगू किती लागलीत ते," ती म्हणाली. पण हात काढून घेतला.