लेझीम, तीनमार आणि तारनाक्याचा सिग्नल

हैदराबादेत तारनाक्याच्या सिग्नलपलीकडे माझी शाळा आहे. मी तिथे गणित शिकवते. हिवाळ्यात एका सकाळी राँग साइडने आलेल्या बाइकने मला याच सिग्नलवर उडवलं. पायाचं हाड जुळलं, प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त चाला. चालत होतेही. फक्त या रस्त्याच्या कडेला आले की पाय जागचे हलायचे नाहीत. हॉर्न वाजला की छाती धडधडायची आणि तोंडातून आवाज फुटायचा नाही. मग रोज नवरा स्कूटरवरून पलीकडे सोडायचा, आणि संध्याकाळी मी शाळेच्या फाटकाशी त्याची वाट बघत उभी. माझेच विद्यार्थी शेजारून धडाधड रस्ता ओलांडून जायचे. अस्सा संताप यायचा स्वतःचा!

त्यात नवऱ्याची रेल्वेत काझीपेटला बदली झाली. चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक झाली की तो जाणार होता. नुसता सिग्नल ओलांडून द्यायला कुणी रिक्षावाला येत नाही. त्यानंतर मला रस्ता ओलांडता आला नाही तर नोकरी सोडणं आलं.

शेवटी समुपदेशकाकडे गेले. ती मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी लहान. म्हणाली, "धोका टळला हे तुमच्या डोक्याला कळलंय मॅडम, शरीराला अजून कळलेलं नाही. तालात हलायला लागलं, खेळायला लागलं की ते हळूहळू सैल पडतं. काहीतरी खेळा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथे नोकरी जायची वेळ आली आणि ही म्हणते खेळा!

घरी येऊन मी हे चिडून सांगितलं आणि तिथेच फसले. माझी धाकटी नणंद विहाराच्या मैदानावर मिरवणुकीसाठी बायकांचं लेझीम पथक बसवत होती. जन्म हैदराबादचा, लेझीम शिकली मोबाइलवर बघून. मी परभणीच्या शाळेत लेझीम खेळलेली. "वहिनी, तुम्ही चला," म्हणत तिने मला ओढतच नेलं.

पहिल्याच दिवशी शेजारणीच्या हातून लेझीम विहाराच्या पायरीवर पडली. त्या खणखणाटाने मी मटकन खाली बसले. बायका पाणी घेऊन धावल्या, "जाऊ द्या हो, बसा तुम्ही" म्हणाल्या. त्या कीव करणाऱ्या चेहऱ्यांना कंटाळूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

खरा घोळ पुढेच होता. लेझमीला हलगी हवी, पण जयंती मंडळाच्या पोरांनी नेहमीप्रमाणे तीनमारवाले, म्हणजे तीनच्या ठेक्यात डफ बडवणारे, ठरवले. इथे लग्न असो की गणपती, तीनमारच वाजतो. पोरांना त्यात काही चुकलं असं वाटलंही नाही. आमची पावलं चारच्या हिशोबाने पडायची आणि त्यांचे डफ केव्हाच पुढे निघून जायचे. अर्धी रांग डावीकडे, अर्धी उजवीकडे, मधे टकरा.

"वहिनी, अ‍ॅडजस्ट करा ना थोडं, इथे असंच चलतंय," नणंद म्हणाली.

"काय अ‍ॅडजस्ट करू? पाय मोडून घेऊ दुसरा?" मी डफवाल्यांकडे वळले आणि ओरडले, "भाई, हल्लू बजाओ! चार में बजाओ!"

"मॅडम, तीनमार है ये. चार में कैसा बजता?"

"मैं गिनतीऊं, तुम बजाओ!"

आणि मी घसा फाडून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. ते चुकले, आम्ही चुकलो, मी पुन्हा ओरडले. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी रांगच हसत सुटली, मीसुद्धा. घरी गेल्यावर लक्षात आलं की त्या गोंधळात मैदानाबाहेर हॉर्न वाजत होते आणि मी दचकले नव्हते. बरं वाटलं. समुपदेशक मुलीचं खरं निघालं याचा थोडा रागही आला.

मिरवणुकीत आम्ही तोच सिग्नल लेझीम खेळत पार केला. नवरा खूश. "झालं की! केलास ना पार?" मला चीड आली. पोलिसांनी गाड्या अडवलेल्या रस्त्यावरून जायला काय लागतं? पण तो निश्चिंत मनाने काझीपेटला गेला.

सोमवारी मी एकटी सिग्नलवर. दिवा हिरवा झाला, माणसं गेली, मी तिथेच. पुन्हा हिरवा झाला, तरी तिथेच. एवढं नाचून काय मिळवलं? रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात हातातल्या पिशवीत डब्याचा चमचा लेझमीसारखा खुळखुळला. मी पिशवी मुद्दाम पुन्हा हलवली. मग टाच उचलून टेकवली. एक, दोन, तीन, चार.

शेजारचा रिक्षावाला वाकून बघायला लागला. "क्या मॅडम, नाचरे क्या?"

"हौ!" मी खेकसले आणि रस्त्यात उतरले.

मधोमध कुणीतरी जोरात हॉर्न दिला. पाय थांबले. आकडा चुकला. पलीकडे फाटकाशी माझ्या वर्गातली पोरं उभी होती, आ वासून बघत होती. मी पिशवी घट्ट धरली आणि त्या सगळ्यांच्या देखत मोठ्याने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.