दोन पंखांची ती खरी माशी

मनकर्णाबाईंना परभणीच्या कृषी विद्यापीठात, कीटक विभागात लागून एकतीस वर्षं झाली. लागल्या त्या झाडूपोछ्याला आणि पाणी द्यायला. शाळा सातवीपर्यंत, तीही माहेरी बोरीत, निम्मी बुडवून. पण बाई हुशार. काचेच्या पेट्या पुसता पुसता आतल्या किड्यांखालच्या चिठ्ठ्या वाचायला लागल्या, आणि पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं सरांकडं न जाता मावशींकडं जायला लागली. सरांना हे ठाऊक होतं, ते काही बोलत नसत.

त्यांचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं. जुन्या सरांनी त्यांना एकदा दाखवलं होतं की इंग्रजीत ज्याला ज्याला फ्लाय म्हणतात, तो प्रत्येक जीव माशी नसतो. फुलपाखरू बटरफ्लाय, चतुर ड्रॅगनफ्लाय, काजवा फायरफ्लाय, आणि या सगळ्यांना पंख चार. खऱ्या माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी नुसत्या बारीक दांड्या. मनकर्णाबाईंना इंग्रजांचा लय राग आला होता. एवढं जगावर राज्य केलं म्हणे, आणि उडेल त्याला फ्लाय म्हणून मोकळे! मग ध्यानात आलं की आपण तरी कुठं कमी आहोत. मधमाशी, गांधीलमाशी, पांढरी माशी, साऱ्या माशाच, आणि एकीलाही पंख दोन नाहीत. तेव्हापासून कुणी काहीही आणलं तरी त्या आधी सुईनं पंख सुटे करायच्या, मोजायच्या, मग नाव सांगायच्या. बोरीची माणसं दवाखान्याला परभणीत आली तरी खिशात काडेपेटी असायची, अन् काडेपेटीत किडा.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं. साखरेनं डोळ्याचा पडदा गेलाय, ऑपरेशन करून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवाळीनंतर डावाही त्याच वाटेला लागला. बाईंनी कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सांगितलं असतं तर सरांनी मायेनंच त्यांना ऑफिसात बसवलं असतं, फायली आणि पाण्याचे गिलास इकडून तिकडं न्यायला. पाणी देत आले अन् पाणी देतच जायचं का, हे त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. मग त्या रंगावरून, चणीवरून, शेतकऱ्याच्या बोलण्यावरून अंदाज बांधायला लागल्या. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, आणि तिथंच घात झाला.

जानेवारीच्या शेवटी धाकटा भाऊ दत्तराव मोटरसायकलीवर आला. करडई ऐन फुलात आणि त्यावर मावा पडलेला. फवारणीवाला गडी उद्यासाठी ठरला होता. पण शेजारी बन्सीधरनं बांधाला मधाच्या सोळा पेट्या ठेवलेल्या. दत्तरावाच्या करडईवर पिवळ्या-काळ्या माशांची ही झुंबड असायची. त्या पेट्यांतल्या असल्या तर बन्सीधरला आधी सांगायचं, पेट्या झाकेपर्यंत थांबायचं, दिवस कलला की फवारायचं. नसल्या, नुसत्या मधमाशीसारख्या दिसणाऱ्या दोन पंखांच्या फुलमाशा असल्या, तर सकाळीच उरकून टाकायचं. म्हणून त्यानं दहा-बारा पकडून थंड्याच्या रिकाम्या बाटलीत आणल्या होत्या. तळाला थोडं गोड पाणी राहिलं होतं, त्यात सगळ्या लडबडून चिकटलेल्या.

मधमाशीचा मागचा पंख पुढच्याला बारीक आकड्यांनी अडकलेला असतो. सुईनं सोडवल्याशिवाय चार दिसत नाहीत. हे मनकर्णाबाईंनी शंभर पोरांना शिकवलं असेल. त्या दिवशी त्यांना सुईचं टोकच दिसेना. त्यांनी एक माशी हातावर घेतली, उजेडात धरली, पंख दोन वाटले.

"ह्या पेट्यातल्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "फवार."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फवारणी झाली. दुपारी पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या मधमाशांचा थर पडला. भावजयीनं, सवितानं, फोनवर रडत रडत सांगितलं. बन्सीधरनं सहा वर्षं लेकरासारख्या सांभाळल्या होत्या त्या पेट्या. तो आता बांधावरून हलत नाही, जेवत नाही, आणि दत्तरावाला येता-जाता वाट्टेल ते बोलतो. दत्तराव खाली मान घालून ऐकून घेतो. विचारलं तर म्हणतो, मी माझ्याच डोक्यानं फवारलं, कुणाला विचारलं न्हाई.

बहिणीचं नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं. रविवारी पहिल्या बसनं मनकर्णाबाई बोरीला गेल्या आणि घरी न जाता थेट शेतात.

बांधावर सात-आठ माणसं होती. बन्सीधर पेट्या उघडून बघायलेला. दत्तरावानं बहिणीला पाहिलं आणि घाईनं पुढं येऊन म्हणाला, आक्का, तू घरी चल. त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

"दत्ता खोटं बोलायलाय. फवार म्हणून मीच सांगितलं. मला दिसत न्हाई, बन्सीधर. दसऱ्यापासून दिसत न्हाई."

आता शिव्या येतील असं दत्तरावाला वाटलं, तो मधे येऊन उभा राहिला. पण बन्सीधर ओरडला नाही. हातातलं झाकण त्यानं पेटीवर ठेवलं आणि बाकीच्यांकडं बघत विचारलं,

"आक्का, मंग ह्या चार महिन्यात आमी तुमाला जे जे इचारलं, ते?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी हरभऱ्यावरची अळी आणली होती, सटवाजीनं तुरीची शेंग. मनकर्णाबाई बांधावर बसल्या. पदर नीट केला.

"एक एक सांगते," त्या म्हणाल्या. "सटवाजी हाय का हितं? तुझी तूर मला दिसली नव्हती."