आपल्याच गावातले पाव्हणे

दिगूअण्णाची सगळी नोकरी बेंगळुरूत गेली, तरी वर्षातून एकदा तो या शहरात नवखा व्हायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळीच खांद्याला पिशवी अडकवून माझ्या जयनगरच्या दारात हजर. "चला पाव्हणं, बेंगळूर बघून येऊ!" मग दिवसभर आम्ही दोघे आजच गाडीतून उतरल्यासारखे हिंडायचो. राजाजीनगरला त्याचं घर येईपर्यंत खेळ मोडायचा नाही, आणि जो आधी हसेल त्याने कॉफी पाजायची, एवढेच नियम. गेल्या वर्षी अण्णा गेला. त्या खेळाची आठवण आली की मला अजून धास्ती वाटते.

तो निपाणीचा, मी पुण्याचा. एकाच सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो. कुणाला पत्ता विचारायचा म्हणजे माझ्या पुणेरी जिवावर यायचं, आणि अण्णाची सारी गंमत त्यातच. विधानसौधासमोर उभा राहून तो पोलिसाला कन्नडमध्ये विचारायचा, "विधानसौध कुठं आलं, स्वामी?" एकदा इंदिरानगरात एका तरुणाने फोनवर नकाशा दाखवला, त्यानेही समाधान होईना तेव्हा बिचारा मेट्रोपर्यंत पोचवायला आला. अण्णा मला म्हणाला, "ह्या गावात गोड बोलणं ऐकायचं असलं तर परगावचं व्हायला लागतं बघ, लेका."

शेवटच्या खेपेला मात्र सुरुवातीपासूनच काहीतरी बिनसलं होतं. दारात येऊन तो नुसताच उभा राहिला. "चला पाव्हणं," मीच म्हणालो, आणि तो मुकाट्याने मागे आला. लालबागेतल्या खडकावर शेंगदाणे विकणाऱ्या बाईला त्याने विचारलं, "अम्मा, हे कुठलं गाव?" ती हसली, मीही हसलो. "हरलो! कॉफी माझी," मी म्हणालो. एरवी तो टाळी मागायचा. आज तो दूरच्या इमारतींकडे बघत राहिला.

"केवढं मोठं गाव हाय हो," तो म्हणाला. "हितं माणूस चुकला तर सापडायचा न्हाई."

ते खेळातलं "चला पाव्हणं" सोडलं तर इतक्या वर्षांत त्याने मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. म्हटलं, म्हातारपणी नाटक चांगलंच जमायला लागलंय. पण मेट्रोत त्याने माझी बाही धरली, ती सोडीचना. प्रत्येक स्टेशनला तो घाबरून माझ्याकडे बघत होता. शेवटी मी म्हणालो, "बास आता अण्णा, खेळ संपला."

"कसला खेळ?" त्याने विचारलं.

हेही नियमाला धरूनच होतं. त्याला दाद द्यावी की गाडी थांबवून कुणाला तरी बोलवावं, मला कळेना.

राजाजीनगरला त्याच्या गल्लीत वळलो. आता हसेल, मग हसेल, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत चाललो होतो. स्वतःच्या फाटकाशी येऊन तो थबकला. पायरीवर त्याची बायको, सुमनअक्का, मेथी निवडत बसली होती. अण्णाने हात जोडले.

"अक्का, स्वल्प पाणी मिळंल का? लांबनं आलोय."

अक्काला आमचा खेळ ठाऊक होता. "या की पाव्हणं!" म्हणून ती हसत उठली आणि गूळपाणी घेऊन आली. तो उभ्यानेच घटाघटा प्याला. तांब्या दोन्ही हातांनी परत देत म्हणाला, "लई उपकार झाले. निघतो आता. घरात बायको एकटी हाय. अंधार पडला की भ्या वाटतंय तिला."

अक्काचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. आयुष्यात एवढं जड काम मी दुसरं केलेलं नाही.

तिने पदर सारखा केला. "पाव्हणं, आता कुठली गाडी? आजची रात हितंच राहावा. भाकरी टाकते."

अण्णा संकोचला. घरात डोकावून हळूच म्हणाला, "पण तुमचं मालक काय म्हणतील?"

"काय म्हणत न्हाईत," अक्का म्हणाली. "लई चांगला माणूस हाय."

मग त्याने चपला काढून बाजूला नीट लावल्या आणि तिच्या मागोमाग अंग चोरून आत गेला.