आईच्या वाटणीचं लेमन कर्ड

बेटावरच्या त्रियोले गावातल्या आमच्या घरामागे लिंबाचं मोठं झाड होतं. १९६०च्या वादळात ते मुळासकट आडवं झालं. पडलेली लिंबं गोळा करून आईने दोन बरण्या लोणचं घातलं, तरी टोपलीभर उरलीच.

थोरल्या भावाचं नुकतंच लग्न झालं होतं. वहिनी बेटावरच्याच फिनिक्स शहरातली, शाळेत पाकशास्त्र शिकलेली. उरलेल्या लिंबांचं लेमन कर्ड करते म्हणाली. लिंबाचा रस, साखर, लोणी आणि अंडी एकत्र करून तिने भांडं उकळत्या पाण्यावर धरलं आणि मिश्रण दाट होईपर्यंत ढवळत राहिली.

वडिलांना ते इतकं आवडलं की शेतावर जाण्यापूर्वी रोज पावाला लावून खाऊ लागले. भावाला ते पटेना. त्याच्या मते ही केकच्या दोन थरांमध्ये भरायची वस्तू होती, पावावर ती वाया जाते. शेजारची काकी म्हणाली, लिंबाला मीठच शोभतं. मला मात्र ते नुसतं चमच्याने खायला आवडायचं.

आईने बोटसुद्धा लावलं नाही. वहिनीला वाटलं, सासूबाईंना आपल्या हातचं नको. दोन दिवस तिने बरणी आईसमोर आणलीच नाही. शेवटी भावाने तिला सांगितलं की त्याची धाकटी बहीण, म्हणजे मी, लहानपणी तापाने जायला टेकले होते, तेव्हा मी वाचावं म्हणून आईने अंडं आणि मांस जन्मभरासाठी सोडलं होतं. हे मलाही तेव्हाच कळलं.

वहिनीने अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर घालून बघितलं. पहिल्यांदा कपड्यांना घालायची खळ झाली. दुसऱ्यांदा गुठळ्या झाल्या. तिसऱ्यांदा मात्र छान जमून आलं. रंगासाठी तिने त्यात चिमूटभर हळद टाकली आणि यात अंडं नाही असं सांगून वाटी आईपुढे ठेवली.

आई वाटीकडे बघत राहिली. "माझ्यासाठी कशाला गो एवढं केलंस, बाय?"

"घरात सगळ्यांनी खाल्लं, आई. तुम्ही नुसतं वाढत राहिलात. मला घास गोड लागेना."

आईने चपातीचा तुकडा मोडून वाटीत बुडवला आणि सावकाश खाल्ला. मग दुसरा मोडला. साखर अंमळ जास्त झाली, एवढंच म्हणाली. पण वाटी पुसून खाल्ली, आणि जेवण झाल्यावर वहिनीला जवळ बसवून तिची वेणी घातली.

खरं सांगायचं तर अंड्याच्या कर्डाची सर त्याला नव्हती. वडिलांनी चाखून बघितलं आणि नकारार्थी मान हलवून आपली बरणी पुढे ओढली. पुढे बाजारातून लिंबं आणून घरात नेहमी दोन बरण्या होऊ लागल्या. आई येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्याच बरणीतलं वाढायची आणि खरं लेमन कर्ड हेच, असं ठासून सांगायची. वहिनीने तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही.