चांगल्या दाताची भरपाई

एकाहत्तर-बहात्तर साली मी कर्जतला मास्तर होतो. एकदा नगरच्या एसटीत शेजारी एक म्हातारबा बसले होते. एका हाताने सुजलेला गाल धरलेला, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेला दात. सरकारी दवाखान्यात त्यांचा दुखरा दात राहिला आणि शेजारचा धडधाकट उपटला गेला. भरपाई मागायला ते कलेक्टर कचेरीत निघाले होते.

"पर मास्तर, पैसं देनार कोन? डाक्टर म्हनतो, सरकार देईल."

"सरकारचा पैसा म्हणजे लोकांचाच, बाबा," मी शहाणपणाने म्हणालो. "तुमच्या-आमच्या कराचा."

"म्हंजी तुमीबी देनार?"

"हो, थोडासा."

"मंग हितंच द्या की. नगरला कशाला हेलपाटा?"

सगळी बस हसली. मी चार आणे दिले, कंडक्टरनेही दिले. मग म्हातारबांनी बंडीच्या डाव्या खिशातले चार आणे काढून गंभीरपणे उजव्या खिशात टाकले.

"माझाबी वाटा हाय की!"

पुढच्या फाट्यावर ते गाल धरूनच, पण खुशीत उतरले. मी पुढे तीस वर्षं सरकारी नोकरी केली. इतक्या लवकर निकाली निघालेलं प्रकरण पुन्हा पाहिलं नाही.