मांडीवरचा माठ

आज नव्या माठात पहिल्यांदा पाणी भरलं आणि दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात ओल्या मातीचा वास पसरला. त्या वासासरशी मी लहानपणीच्या एका शुक्रवारी जाऊन पोचले.

आईने साताऱ्याहून दुबईला येताना विमानात माठ मांडीवर धरून आणला होता. "तिकडे फ्रिज आहे, लोक हसतील," असं बाबा म्हणाले होते, आणि अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लोक हसलेही. मलासुद्धा लाज वाटायची.

त्या शुक्रवारी सुट्टी म्हणून आम्ही इथल्या म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे काचेमागे मातीच्या रांजणाचा एक काळपट तुकडा दिसला. बाबांनी पाटी वाचून दाखवली. हजारो वर्षांपूर्वी तो रांजण सिंधूच्या खोऱ्यातून जहाजाने इथे आला होता. आई काचेशी वाकून बराच वेळ बघत राहिली. मग पदर सारखा करत म्हणाली, "हा आणणाऱ्यालाही घरचे हसलेच असतील."

घरी आल्यावर बाबांनी आधी माठातलं पाणी मागितलं.

"मम्मा, व्हाय नॉट जस्ट यूज द फ्रिज?" आता माझी लेक विचारते आहे.

मी पेला भरून तिच्या हातात देते. "पी. आपलं हे माठाचं पाणी या दुबईहून जुनं आहे."